दहाव्याला घाटावर जे बोलतो, ते खाटेपाशी बोलता येतं

दहाव्याच्या दिवशी घाटावर पिंड ठेवला जातो आणि सगळे चार पावलं मागे सरून कावळ्याची वाट पाहतात. कावळा लवकर शिवला नाही की कुजबुज सुरू होते: काहीतरी इच्छा राहिली असणार. मग मुलगा पुढे होतो, हात जोडून म्हणतो, "बाबा, धाकटीचं लग्न मी लावून देईन, तुम्ही काळजी करू नका." बहीण म्हणते, "दादा, वहिनींना आम्ही अंतर देणार नाही." तरीही कावळा आला नाही तर शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात.

ही वाक्यं नीट ऐका. "काळजी करू नका", "अंतर देणार नाही", "चुकलंमाकलं माफ करा". ज्याच्यासाठी ती आहेत तो माणूस दहा-बारा दिवसांपूर्वी खाटेवर होता, त्याला ऐकू येत होतं. तेव्हा मात्र बहुतेक घरांत "तुम्ही बरे होणार आहात हो" याखेरीज काही बोललं गेलेलं नसतं. मरणाऱ्या माणसाला आध्यात्मिक आधार द्यायचा म्हणजे मुख्यतः ही वाक्यं वेळेवर बोलायची. ते कसं, आणि कुठे चुकतं, ते पुढे सविस्तर पाहू.

## हा विषय आत्ताच का?

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि 'लिव्हिंग विल'ला कायद्याचा आधार दिला. लिव्हिंग विल म्हणजे 'मी बोलू शकणार नाही अशा अवस्थेत, बरं होण्याची आशा नसेल तर कोणते उपचार नकोत' हे शुद्धीत असताना लिहून ठेवलेलं पत्र. सुरुवातीची पद्धत फार किचकट होती. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यायचं.

तेव्हापासून 'व्हेंटिलेटर काढायचा का' यावर घराघरांत चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण नळी काढल्यावर, किंवा लावायचीच नाही असं ठरल्यावर, माणसाच्या हाती काही तास उरतात, कधी काही आठवडे. त्या वेळेचं काय करायचं हे न्यायालय सांगू शकत नाही. घरच्यांना ते ठाऊक असावं लागतं.

## 'आध्यात्मिक' म्हणजे पूजापाठच का?

पूजापाठ त्यात येऊ शकतो, पण विषय तेवढ्यावर संपत नाही. सिसिली सॉन्डर्स या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, आणि पुढे डॉक्टर. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (शेवटच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था) सुरू केलं आणि तिथून आधुनिक पॅलिएटिव्ह केअर उभी राहिली. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होवो न होवो, त्रास कमी करण्यासाठी केलेले उपचार. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालं.

सॉन्डर्स यांचं म्हणणं असं की मरणाऱ्या माणसाची वेदना चार अंगांची असते. चार पायांची बाज डोळ्यांसमोर आणा. एक पाय शरीराचा, दुसरा मनाचा, तिसरा घरादाराचा आणि पैशांचा, चौथा आध्यात्मिक. एक पाय आखूड असला तरी अख्खी बाज डुगडुगते. गोळ्या देऊनही दुखणं थांबत नाही अशा वेळी पुष्कळदा उरलेल्या तीनपैकी एखादा पाय आखूड असतो.

चौथा पाय ओळखायचा तो रुग्णाच्या बोलण्यावरून. "मी कुणाचं काय वाईट केलं होतं?" "देवाचं इतकं केलं, त्याचं हेच फळ?" "मला अजून का ठेवलंय?" "तुम्हा सगळ्यांवर ओझं झालोय." या वाक्यांना औषध नाही आणि उत्तरही नाही. ती ऐकणारा माणूस लागतो.

## आधी दुखणं थांबवा

क्रम चुकवू नका. ज्याला दर दहा मिनिटांनी कळ येते त्याला हरिपाठ ऐकवून काही साधत नाही. आधी वेदना, धाप, उलटी, बद्धकोष्ठ यांचा बंदोबस्त करा.

इथे पहिली शंका येते ती मॉर्फिनची, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधाची. "मॉर्फिन दिलं म्हणजे माणूस लवकर जातो ना?" योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनने मरण ओढवत नाही. ते बहुतेक वेळा आजार खूप पुढे गेल्यावर सुरू होतं, म्हणून तसं वाटतं. तोंडाने घ्यायचं साधं मॉर्फिन सहसा दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायचं असतं. कळ येण्याची वाट पाहायची नसते. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं, नाहीतर चौथ्या दिवशी रुग्ण मॉर्फिन नको म्हणतो आणि त्याचं खरं कारण बद्धकोष्ठ असतं. मात्रा डॉक्टरच ठरवतील. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. तुमच्या रुग्णालयात नसेल तर ते कुठे मिळेल हे नेटाने विचारा.

## "त्यांना काही सांगू नका"

आपल्याकडे सर्वात जास्त नुकसान या वाक्याने होतं. रिपोर्ट आला की मुलगा डॉक्टरांना बाहेर गाठतो: "बाबांना कळू देऊ नका, धीर सोडतील." यामागे माया असते. पण वजन उतरलंय, गावाहून अचानक सगळे भेटायला येताहेत, बोलता बोलता बायको पदर तोंडाला लावून आत जातेय, हे बाबांना दिसत असतं. बहुतेकांना कळलेलं असतं. घरच्यांना त्रास नको म्हणून तेही गप्प राहतात. मग एकाच खोलीत दोन्ही बाजू एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत बसतात.

एसटी स्टँडवर कुणाला पोचवायला गेलो की गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभं राहून आपण केवढं बोलतो! डबा कुठे ठेवलाय, पोचल्यावर फोन कर, अमक्याला नमस्कार सांग. समजा त्या वेळी सगळ्यांनी ठरवलं की गाडी सुटणारच नाहीये असं वागायचं. गाडी सुटायची ती सुटेलच, फक्त बोलणं राहून जाईल.

याचा अर्थ एका दमात सगळं सांगून टाकायचं असाही नाही. किती जाणून घ्यायचं हा रुग्णाचा हक्क आहे, आणि "मला सांगू नका" हेसुद्धा उत्तर असू शकतं. म्हणून विचारत विचारत पुढे जायचं. "बाबा, तुम्हाला काय वाटतंय तब्येतीबद्दल?" मग थांबायचं. "डॉक्टर काय म्हणाले ते ऐकायचंय का, की मी बघून घेऊ?" हो म्हणाले तर: "आजार वाढलाय. औषधाने तो मागे हटत नाहीये. पण दुखू देणार नाही, आणि आम्ही इथेच आहोत." शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. सत्य कळल्यावर माणूस रडतो, चिडतो, एखादा दिवस बोलत नाही. त्याला धीर सुटला असं समजू नका. पुष्कळदा त्यानंतरच तो कागदपत्रं कुठे आहेत ते सांगतो, रुसलेल्या भावाला बोलावून घ्या म्हणतो.

## काय विचारायचं, किती वेळ गप्प राहायचं

अमेरिकेतल्या डॉक्टर क्रिस्टिना पुखाल्स्की यांनी यासाठी प्रश्नांची एक चौकट तयार केली आहे. आपल्या बोलीत ती साधारण अशी होते: तुम्हाला कशाचा आधार वाटतो? आत्ता या आजारात त्याचा किती उपयोग होतोय? कोण जवळ असावंसं वाटतं? आणि आम्ही त्यातलं काय करू? चारही प्रश्न एका बैठकीत विचारायचे नाहीत. पाय चेपता चेपता एक विचारला तरी पुरे.

खुर्ची ओढून डोळ्यांच्या पातळीवर बसा. उभं राहून बोललं की माणसाला वाटतं, हा निघायच्या बेतात आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश दहा आकडे मोजा. हे दहा आकडे फार लांब वाटतात, आणि बहुतेकजण तिसऱ्यालाच बोलून मोकळे होतात. अशक्त माणसाला शब्द जुळवायला तेवढा वेळ लागतोच.

"मला अजून का ठेवलंय देवानं?" असं आजी म्हणाली की तोंडात पहिलं येतं, "असं अभद्र बोलू नये." तिथे दार बंद होतं. त्याऐवजी: "आजी, असं कधीपासून वाटतंय गं?" "ओझं झालोय" याला "छे, काहीतरीच!" म्हणू नका. "कशाचं जास्त वाईट वाटतं, पैशाचं की दुसऱ्याकडून सगळं करून घ्यावं लागतं त्याचं?" असं विचारलं तर खरी बोच कळते, आणि कधी तिच्यावर उपाय असतो. अंथरुणात लघवी होण्याची लाज वाटत असेल तर नर्सकडून कॅथेटर (लघवीची नळी) बसवून घ्यावा किंवा डायपर बायकोऐवजी मुलाने बदलावा, एवढ्याने माणूस शांत झोपतो.

आणखी एक चूक सुशिक्षित घरांत जास्त दिसते: कर्मसिद्धांत, आत्म्याचं अमरत्व, 'सकारात्मक राहा' यांवर प्रवचन. मागच्या जन्मीचं पाप म्हणून कॅन्सर झाला असं रुग्णाला स्वतःलाच वाटत असतं, त्यात भर घालणं क्रूर आहे. तो म्हणालाच तर एवढं सांगा की आजार शिक्षा म्हणून येत नाही, आणि तुमच्याबद्दल आमच्यापैकी कुणालाही तसं वाटत नाही.

निरोपाची वाक्यं कोणती? अमेरिकेतले पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर आयरा बायॉक चार सुचवतात: मला क्षमा कर, मी तुला क्षमा केली, तुझे उपकार आहेत, माझं तुझ्यावर प्रेम आहे. चौथं आपल्या तोंडून सहजी निघत नाही. आपल्याकडे ते तळपायाला तेल चोळून सांगितलं जातं, आणि पोचतंही. पाचवं आपलं स्वतःचं आहे, घाटावरचं: "आईला आम्ही बघू. तुम्ही काळजी करू नका." ते वचन आधीच द्या, आणि पाळता येईल तेवढंच द्या. घर विकावं लागणार असेल तर "विकणार नाही" म्हणू नका. "तुमच्या फोटोसमोर विचारविनिमय करून ठरवू" म्हटलं तरी चालतं.

## गंगाजल किती, कसं

शेवटच्या क्षणी तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र हा आपला संस्कार आहे, आणि तो करावा. पण चमचाभर पाणी ओतणं धोक्याचं आहे. त्या वेळी गिळण्याची क्रिया जवळजवळ थांबलेली असते. ओतलेलं पाणी श्वासनलिकेत उतरतं, माणूस ठसकतो, गुदमरतो, आणि तेच दृश्य घरच्यांच्या डोळ्यांसमोर पुढे वर्षानुवर्षं राहतं. पाच नातेवाइकांनी एकेक चमचा घातला तर पाचपट धोका.

असं करा: डोकं उशांनी थोडं उंच करा आणि चेहरा एका कुशीला वळवा. स्वच्छ कापसाचा बोळा किंवा मऊ कापड गंगाजलात बुडवून घट्ट पिळा, आणि ओठांच्या आतल्या बाजूला, हिरड्यांवर फिरवा. प्रत्येकाला द्यायचं असेल तर प्रत्येकाने तोच ओलसर बोळा टेकवावा. तुळशीचं पान ओठांना लावून काढून घ्यावं, जिभेवर ठेवू नये. सुकलेल्या घशाला पान चिकटून बसतं. सोन्याचा मणी किंवा तुकडाही तसाच, टेकवायचा आणि परत घ्यायचा.

याहून बरा मार्ग म्हणजे थोडं आधी करणं. माणूस शुद्धीत आहे, घोटभर पाणी गिळतोय, तेव्हाच विचारा, "गंगेचं पाणी घ्यायचं का?" त्याला चव कळते, कोण देतंय ते दिसतं.

## शेवटच्या दिवसांत काय दिसतं

माहीत नसलं की भीती वाटते, आणि घाबरलेला माणूस आधार देऊ शकत नाही. म्हणून हे आधी वाचून ठेवा. खाणं थांबतं. "पोटात अन्नाचा कण नाही" या विचाराने घरच्यांचा जीव कासावीस होतो आणि भाताची पेज बळेबळे भरवली जाते. शरीर बंद पडत असतं म्हणून भूक जाते. भूक लागूनही उपाशी राहण्यातला त्रास तिथे नसतो. बळेच भरवलेलं फुप्फुसात जातं. त्याऐवजी दर दोन तासांनी ओठ, जीभ ओली करा. ओठांना तुपाचं बोट लावता येतं; ऑक्सिजन चालू असेल तर मात्र तेलकट काहीही लावण्याआधी नर्सला विचारा.

झोप वाढते, हातपाय गार पडतात, त्वचेवर निळसर जाळी दिसते. श्वास मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. यालाच आपल्याकडे 'ऊर्ध्व लागला' म्हणतात. घशात घरघर येते. ती साठलेल्या लाळेची असते, आणि त्या अवस्थेत रुग्णाला तिचा त्रास फारसा जाणवत नाही, असं मानलं जातं. कुशीवर वळवलं की बहुधा कमी होते.

वारलेली आई, भाऊ दिसतात असं पुष्कळ रुग्ण सांगतात. "आई दारात उभी आहे" म्हटलं की वाद घालू नका, घाबरूही नका. "काय म्हणतेय आई?" असं विचारा. चेहरा शांत असेल तर तो त्याचा आधार आहे. पण माणूस घाबरा झाला, कपडे ओढू लागला, उठून पळू लागला, तर डॉक्टरांना लगेच सांगा. तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, एखादं औषध अशी उपाय करण्याजोगी कारणं त्यामागे असू शकतात.

ऐकण्याची शक्ती शेवटपर्यंत राहत असावी असं काही अभ्यासांतून दिसतं. म्हणून खाटेपाशी अंत्यविधीच्या खर्चाची, वाटणीची बोलणी नकोत. आपलं नाव सांगून मग हात धरा: "काका, मी सुमा. बसलेय इथे."

## आयसीयूत असतील तर?

भेटीच्या वेळेची अडचण येते. इन्चार्ज सिस्टरना स्पष्ट शब्दांत सांगा: "हे शेवटचे तास आहेत असं डॉक्टर म्हणाले आहेत, एकेकाला दहा मिनिटं आत बसू द्या." अनेक ठिकाणी परवानगी मिळते, मागितलीच नाही तर मिळत नाही. पलंगाचा कठडा खाली घ्यायला सांगा, नाहीतर हात धरता येत नाही. भजन, आयती, प्रार्थना, जे असेल ते फोनवरून हळू आवाजात कानाशी लावता येतं.

परदेशातल्या मुलामुलींची घालमेल वेगळीच. तासभर व्हिडिओ कॉल रुग्णाला झेपत नाही, आणि पडद्यावर मुलगी रडताना दिसली की बापाचा जीव खालीवर होतो. त्यापेक्षा दीड-दोन मिनिटांचा आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवावा: एक आठवण, एक आभार, एक वचन. तो चार वेळा ऐकवता येतो.

## "पण ते देव मानत नाहीत"

मग देव आणू नका. शुद्ध हरपल्यावर नास्तिक माणसाच्या उशाशी जप लावणं हा त्याचा अपमान आहे. ज्यात त्याचा जीव होता ते आणा. शेतकऱ्याला उभ्या पिकाचा व्हिडिओ दाखवा, बांधावरची मूठभर माती हातात द्या. शिक्षिकेला जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं वाचून दाखवा. आपलं जगणं कुणाच्या तरी उपयोगी पडलं, हे कळणं हीच त्यांची प्रार्थना असते.

आडनावावरून धर्माचा अंदाज बांधू नका, विचारा. बौद्ध घरात त्रिशरण-पंचशील म्हटलं जाईल. तिथे शेजाऱ्यांनी मायेने का होईना, गंगाजल पुढे करू नये. मुस्लिम रुग्णाचं तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला करून जवळचं कुणी हळूच कलिमा म्हणतं. तो म्हणावा म्हणून पुन्हा पुन्हा आग्रह करत नाहीत. वसई-गोव्याच्या कॅथलिक घरांत पाद्रींना अगदी शेवटी बोलावलं जातं, कारण ते आजाऱ्याला तेल लावून जो संस्कार करतात तो 'शेवटचं तेल' समजला जातो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक चर्चची १९६२-६५ मधली सुधारणा-परिषद) चर्चने तो गंभीर आजाऱ्यांसाठीचा संस्कार म्हणून मांडला आहे, त्यामुळे माणूस शुद्धीत असताना बोलावणं योग्यच.

## मागे राहिलेल्यांसाठी

तेरा दिवस घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी सकाळी एकच कप चहा करायचा असतो. आधाराची खरी गरज तिथून सुरू होते, म्हणून भेटायला जायचं तर चौदावा दिवस, महिना, पहिला सण, त्यांचा वाढदिवस आणि वर्षश्राद्धाच्या आधीचा आठवडा, असं कॅलेंडरवर लिहून ठेवा.

"काही लागलं तर सांग" याचा उपयोग होत नाही. दुःखातल्या माणसाला काय लागणार हेच सुचत नसतं. "मंगळवारी अकरा वाजता बँकेत मी येतो, दाखल्याच्या प्रती मी काढून आणतो" असं म्हणा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, आणि तेवढी धावपळ कुणी आपल्या अंगावर घेतली तरी मोठा भार उतरतो.

"सुटले बिचारे", "देवाची मर्जी", "आता मुलांकडे बघून सावर" ही वाक्यं टाळा. घरचेच "सुटले हो" म्हणाले तर मान डोलवा, तो त्यांचा अधिकार आहे. गेलेल्याचं नाव मुद्दाम घ्या. "भाऊ भरली वांगी कशी करायचे हो?" असं विचारलं की डोळ्यांत पाणी येईल आणि चेहरा उजळेलही. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात असं आपण ऐकलेलं असतं. १९६९ साली एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी त्या मांडल्या त्या मरणाऱ्या रुग्णांबद्दल होत्या. मागे राहिलेल्यांच्या दुःखाला अशा क्रमवार पायऱ्या नसतात. ते लाटांसारखं येतं-जातं. त्यामुळे "अजून स्वीकार झाला नाही का?" असं कुणालाही विचारू नये.

विधवा झालेल्या बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं हा तिच्या दुःखावर घातलेला दुसरा घाव आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. जवळच्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईने "हिचं काही काढायचं नाही" असं आधीच ठामपणे सांगून ठेवलं, तर पुढचं सगळं टळतं.

व्हेंटिलेटर काढायला ज्याने सही केली त्याच्याकडे वेगळं लक्ष द्या. "मी मारलं का त्यांना?" हा प्रश्न त्याला रात्री उठवतो. त्याला स्पष्ट सांगा: आजाराने गेले, तू फक्त त्यांना काय हवं होतं ते डॉक्टरांना सांगितलंस. लिव्हिंग विल लिहिलेलं असेल तर ते त्याला पुन्हा वाचून दाखवा. आपली मर्जी लिहून ठेवण्याचा मोठा उपयोग हाच, की सहीचं ओझं मुलांच्या डोक्यावर राहत नाही.

## मुलांना काय सांगायचं?

"आजोबा झोपलेत" असं कधीही म्हणू नका. पोर त्या रात्रीपासून झोपायला घाबरतं. "गावाला गेलेत" म्हटलं तर ते दारात वाट पाहत बसतं. "आजोबा वारले. त्यांचं शरीर बंद पडलं, आता ते परत येणार नाहीत. त्यांना आता दुखत नाही" एवढं पुरतं. तेच प्रश्न दहा वेळा येतील, दहाही वेळा तेच उत्तर द्या. "मी रागावलो होतो म्हणून गेले का?" हा प्रश्न मूल बहुधा विचारत नाही, मनात ठेवतं. त्याने न विचारताच सांगून टाका की तसं नाही.

## डॉक्टरांकडे कधी?

रडणं, झोप उडणं, त्यांचा आवाज ऐकू आल्यासारखं वाटणं, हे आजाराचं लक्षण नव्हे. पण सहा महिने उलटूनही तीव्रता तशीच असेल, कामधंदा, जेवणखाण, माणसांत मिसळणं जमतच नसेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला दीर्घकाळ लांबलेल्या दुःखाचा विकार म्हटलं आहे आणि त्यावर उपचार आहेत. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार बोलून दाखवला तर सहा महिने काय, सहा तासही थांबू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनला, १४४१६ वर, त्याच्याजवळ बसूनच फोन लावा.